झाडावरच्या पाहुण्याचे बिऱ्हाड

शेळ्यांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे, मधमाश्यांची पेटी या विषयांवर रेडिओवरून बोलले तर कोणी नवल करीत नाही. पण सरड्यासाठी घर कसे बांधावे हे सांगायला कोणी बसला, तर 'ह्या मास्तरांना दुसरा उद्योग नाही काय?' असे म्हणून काही मंडळी हसतील. हसावे. सरडा म्हटला की आपल्याला कुंपण आठवते, आणि कुंपण काही कोणी सरड्यासाठी बांधीत नाही.

मी बोलणार आहे तो आपला कुंपणावरचा सरडा नव्हे. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडे हौशी लोक एक परदेशी सरडा पाळू लागले आहेत. त्याला इग्वाना म्हणतात. रंग पोपटी, पाठीवरून थेट शेपटीपर्यंत काट्यांची झालर, गळ्याखाली लोंबती पिशवी, आणि गालावर नाण्यासारखा एक मोठा गोल खवला. शहरातली हौस गावी यायला वेळ लागत नाही. भाच्याला परगावी नोकरी लागते, पुतणीचे लग्न ठरते, आणि मग 'काका, तुमच्याकडे जागा आहे, थोडे दिवस ठेवा' असे म्हणत पिंजरा एस.टी.तून गावच्या घरी येतो. आमच्या घरी आली ती इग्वानाची मादी अशीच भाच्याकडून आली. 'थोडे दिवस' म्हणून आली, त्याला आता सहा वर्षे होतील.

खेड्यात तिला पाहायला येणारा प्रत्येक जण पहिला शब्द उच्चारतो तो 'घोरपड!' हा. त्यात गैर काही नाही, आकारमान तसेच आहे. पण घोरपड मांसाहारी. अंडी, उंदीर, किडे यांवर जगणारी. इग्वाना चोख शाकाहारी. आमच्या शेजारच्या आजी मोठ्या प्रेमाने तिच्यासाठी अंडे घेऊन आल्या होत्या, ते मी नम्रपणे परत केले. त्याचे कारण पुढे येईलच.

मी भूगोल शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. त्यामुळे या प्राण्याच्या घराचा विचार मी नकाशापासून सुरू करतो, आणि माझे म्हणणे असे की तो तिथूनच सुरू करावा. हिरव्या इग्वानाचा मुलूख म्हणजे मेक्सिकोपासून खाली ब्राझील-पॅराग्वेपर्यंतचा पट्टा आणि कॅरिबियन समुद्रातली काही बेटे. नकाशावर बोट ठेवून पाहा. मुंबईचे अक्षांश आणि मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ बंदराचे अक्षांश जवळजवळ एकच, एकोणीस. म्हणजे सूर्य त्याच्या ओळखीचा आहे. ओळखीचे नाही ते बाकीचे. तो राहतो नदीकाठच्या उंच झाडांवर. सकाळी शेंड्याकडच्या फांदीवर ऊन खात पडायचे, अंग तापले की पाला खायचा, पुन्हा ऊन खायचे. वरून ससाणा आला किंवा फांदीवर साप आला की सरळ खालच्या पाण्यात उडी, आणि शेपटीचे वल्हे मारीत पलीकडचा काठ गाठायचा. ऊन, उंची, ओल आणि पाला, या चार गोष्टींवर त्याचा संसार उभा आहे. शिक्षक मंडळी वर्गात हवामानाचे पट्टे शिकवतात. इग्वानाचा पिंजरा म्हणजे त्यातला एक पट्टा खोलीच्या कोपऱ्यात उभा करणे, एवढे ध्यानात धरले की बाकीचे आपोआप सुचत जाते.

आता पहिली अडचण. दुकानात पिल्लू मिळते ते शेपटी धरून वीत-दीड वीत लांब. वजन दहा-बारा ग्रॅम. ते मासे ठेवायच्या काचेच्या पेटीत सुरेख दिसते, आणि विकणारा ती पेटीही सोबत देतो. पण हा प्राणी वाढतो. नीट पोसला तर तीन वर्षांत मीटरभर होतो, आणि पुरता वाढलेला नर दीड मीटरच्याही पुढे जातो. क्वचित दोन मीटरपर्यंत. त्यात दोन तृतीयांश शेपटी असते खरी, पण शेपटी काही पिंजऱ्याबाहेर ठेवता येत नाही! चांगले दिवस मिळाले तर तो पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे आज तुमच्या चौथीतल्या वर्गात असलेली मुलगी स्वतः शिक्षिका होईल तोवर तो तुमच्या घरी असेल. म्हणून घर बांधायचे ते आज दिसणाऱ्या पिल्लाच्या मापाने नव्हे, तर वाढलेल्या जनावराच्या मापाने. पिल्लाला पहिल्या वर्षी लहान पिंजरा चालतो, पण मोठ्या पिंजऱ्याची जागा आधी ठरलेली असावी. ती नसेल तर पिल्लू आणू नये, हे मी अगदी रोखठोक सांगतो.

माप किती धरावे? उंची सहा फूट, लांबी सहा फूट, खोली तीन फूट ही मोठ्या जनावराला किमान जागा. मी आठ फूट लांब आणि चार फूट खोल केला आहे आणि तोही मला पुरेसा वाटत नाही. उंचीत मात्र कधी कसर करू नये. झाडावरचा प्राणी उंचीत जगतो. त्याचे बसण्याचे ठिकाण आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या वर असावे. पिंजरा जमिनीवर असला आणि आपण वरून वाकून पाहू लागलो की त्याला आपण माणूस वाटत नाही, ससाणा वाटतो. तो फुगतो, शेपटी मारतो, आणि लोक म्हणतात, 'जनावर रागीट आहे हो.' त्याच जनावराला डोक्याच्या वर बसू द्या. तुमच्याकडे शांतपणे पाहत राहील. त्याच्या टाळूवर एक फिकट ठिपका असतो. तो खरा डोळाच म्हणायचा, पण चित्र दिसणारा नव्हे. फक्त उजेड-अंधार आणि वरून येणारी सावली जाणणारा. वरच्या सावलीची धास्ती त्याच्या अंगात किती भिनलेली आहे ते यावरून कळावे.

चौकट सागवानी असायला हवी असे नाही. गावच्या सुताराकडे असेल ते पक्के लाकूड चालते, मात्र त्याला कीड मारण्याची औषधे लावलेली नसावीत. मागची बाजू आणि एक कड फळीने बंद करावी, म्हणजे त्याला आडोसा वाटतो. उरलेल्या बाजूंना जाळी. कोंबड्यांच्या पिंजऱ्याची पातळ षट्कोनी जाळी स्वस्त पडते, पण तिच्यात नखे अडकून तुटतात, आणि बाहेर पडण्याच्या धडपडीत नाक घासून सोलवटते. चौकोनी, प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली जाळी घ्यावी. बोट जाईल एवढे घर असले तरी पुरे, पण उंदीर जाता कामा नये. दार माणूस आत वाकून झाडू मारू शकेल एवढे मोठे करावे. ज्या पिंजऱ्यात झाडू शिरत नाही तो पिंजरा महिन्याभरात घाण होतो, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

फांद्यांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. दोन बांबू आडवे ठोकले की झाले, असे समजतात. बांबू गुळगुळीत, त्यावर नखांची पकड बसत नाही. आंब्याची किंवा पेरूची चांगली जाड फांदी आणावी, जनावराच्या अंगाइतकी रुंद. म्हणजे तो तिच्यावर पोट टेकून, चारी पाय खाली सोडून निवांत पडू शकतो. बारीक काठीवर त्याला सतत तोल सावरीत बसावे लागते. काही फांद्या तिरक्या, काही आडव्या. खालून वर चढता येईल अशी वाट. कण्हेर, रुई, धोत्रा यांचे लाकूड किंवा पाला पिंजऱ्याच्या आसपासही नको, ती झाडे विषारी. फांदी घासून, धुऊन, चार दिवस कडक उन्हात वाळवावी आणि चौकटीला स्क्रूने पक्की आवळावी. चार-पाच किलोचे जनावर वरून उडी मारते तेव्हा सुतळीने बांधलेली फांदी खाली येते आणि तिच्याबरोबर तोही येतो.

आता उन्हाकडे येतो. येथे थोडा वेळ थांबावे लागेल, कारण पाळलेले पुष्कळ इग्वाना मरतात ते याच एका गोष्टीपायी.

सूर्यप्रकाशात आपल्याला दिसतो तो उजेड असतो, जाणवते ती ऊब असते, आणि तिसरे एक असते जे दिसतही नाही आणि जाणवतही नाही. त्याला अतिनील किरण म्हणतात. त्यांतल्या एका ठराविक पट्ट्याचे किरण कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते असले तरच खाल्लेल्या पाल्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांपर्यंत पोचतो. ते नसले की शरीराला चुना हवाच असतो, आणि मग ते तो स्वतःच्या हाडांतून काढू लागते. सावकाराचे व्याज भागवण्यासाठी घराचे वासे विकावेत, तसे. आधी जबडा मऊ पडतो. बोटाने दाबला तर रबरासारखा लवतो. मग मांड्या जाड दिसू लागतात. घरचे लोक म्हणतात, 'बघा, कसा धष्टपुष्ट झालाय!' प्रत्यक्षात ती सूज असते. मग बोटे थरथरतात, चढता चढता हात सुटतो, आणि एके दिवशी नुसते उचलताना पाय मोडतो. मुडदूस झालेले मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात काही नवे वाटणार नाही. दुखणे एकाच कुळातले आहे.

यातली मेख अशी की हे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत. खिडकीच्या बंद काचेमागे पिंजरा ठेवला तर उजेड येईल, ऊबही येईल, पण हाडांच्या उपयोगाचे काही येणार नाही. साध्या विजेच्या दिव्यातूनही ते येत नाहीत, मग दिवा कितीही झगझगीत असो. शहरात बंद घरातले लोक यासाठी खास नळीदिवे लावतात. ते महाग असतात, जनावरापासून ठराविक अंतरावरच लावावे लागतात, आणि सहा महिने ते वर्षभरात त्यांतले किरण ओसरतात. दिवा मात्र पूर्वीसारखाच पेटलेला दिसतो, म्हणून बदलायचे राहून जाते.

खेड्यातल्या माणसाला येथे शहरवाल्यावर कुरघोडी करता येते. आपल्याकडे अंगण आहे आणि अंगणात ऊन आहे, ते फुकट आहे. पिंजरा पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे उघडा होईल असा पडवीत उभा करावा. किंवा अंगणात एक उन्हाळी पिंजरा वेगळा करावा आणि सकाळचे नऊ ते अकरा जनावर त्यात सोडावे. रोज तासभर जाळीतून आलेले खरे ऊन मिळाले तरी हाडांची मोठी काळजी मिटते. दोन पथ्ये मात्र सांभाळावीत. पिंजऱ्यात सावलीचा कोपरा सदैव हवा, म्हणजे तापला की त्याला तिकडे सरकता येईल. आणि काचेची पेटी उन्हात कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीदेखील ठेवू नये. बंद मोटार उन्हात कशी तापते ते आपण जाणतोच. पेटीतला प्राणी तसाच भाजून मरतो.

उन्हाचा दुसरा भाग उबेचा. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती नुसती सुखासाठी नव्हे. त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जंतू राहतात आणि पाल्याचा चोथा तेच आंबवून पचवतात, गाईच्या पोटात जसे होते जवळजवळ तसेच. अंग गार असले की त्या जंतूंचे काम थंडावते आणि खाल्लेला पाला तसाच पडून राहतो. म्हणून दिवसा पिंजऱ्यात एक जागा ३५ ते ३८ अंशांची असावी, खाली उतरत जाता २६-२७ पर्यंत. रात्री २२-२३ च्या खाली जाऊ देऊ नये. थंडीने या प्राण्याचे काय होते याची गंमत अमेरिकेतल्या फ्लॉरिडात पाहायला मिळते. तिथे पाळीव म्हणून आणलेले आणि सुटलेले इग्वाना आता झाडोझाडी झाले आहेत. २०२० सालच्या जानेवारीत तिथे थंडीची लाट आली, तेव्हा मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना सूचना दिली की झाडांवरून इग्वाना पडण्याचा संभव आहे! चार-पाच अंशांवर त्यांचे अंग आखडते, फांदीवरची पकड सुटते आणि ते खाली पडतात. मेले म्हणून लोक उचलायला जातात, आणि ऊन वर आले की मेलेला उठून चालू लागतो.

आपल्याकडे निफाडला किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री काय थंडी पडते ते मी सांगायला नको. त्या दिवसांत रात्री पिंजरा घरात घ्यावा, तीन बाजूंनी गोणपाट किंवा जुनी गोधडी सोडावी, आणि उजेड न देता ऊब देणारा चिनी मातीचा विजेचा तापक मिळतो तो वर टांगावा. वरच, बरं का. काही दुकानांत विजेने तापणारे दगड विकतात, त्यांवर बसून पोट भाजलेली जनावरे पशुवैद्यांकडे येतात. झाडावरच्या प्राण्याला ऊब वरून येते हेच ठाऊक. पोटाखालून भाजते आहे हे त्याला वेळेवर कळत नाही. तापकाला किंवा दिव्याला जाळीचे टोपले घालावे, नाहीतर तो त्यालाच जाऊन चिकटतो. वीज गेली तर? ती जातेच. मग गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवाव्यात आणि गोधडी पुरी ओढावी. एक रात्र निभते.

उन्हाळ्यात उलट काळजी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. नदीकाठच्या जंगलात असले काही नसते. तेव्हा पिंजऱ्यावर वाळ्याचा ताट्या सोडावा, त्यावर पाणी शिंपीत जावे. पिंजऱ्यात एक थर्मामीटर वर आणि एक खाली, असे दोन टांगावेत. हाताला 'बरं लागतंय' हे माप माणसाचे, सरड्याचे नव्हे. शाळेत पर्जन्यमापक आणि थर्मामीटर असतील तर मुलांना रोजच्या नोंदी घ्यायला लावता येतील. त्या वहीतून ती हवामानाबद्दल जे शिकतील ते मला कॉलेजात खडू झिजवूनही शिकवता येत नाही.

ओलीबद्दल फार सांगायला नको. कोकणात ती हवेतच आहे. देशावर आणि मराठवाड्यात सकाळी नि दुपारी पाला आणि फांद्या भिजतील असा फवारा मारावा. औषध फवारायचा पंप मात्र या कामी घेऊ नये, तो कितीही धुतलेला असला तरी. पानांवरचे थेंब चाटून पाणी पिणे त्याला मानवते. हवा कोरडी राहिली की कात नीट सुटत नाही, बोटांना आणि शेपटीच्या टोकाला तिची कडी आवळून राहते, आणि रक्त तुटून तेवढा भाग वाळून गळतो. खाली एक मोठे, पसरट घमेले पाण्याने भरून ठेवावे. तो त्यात डुंबतो आणि बहुधा त्यातच शौच करतो. म्हणजे आपली सफाई सोपी होते, पण पाणी मात्र रोज बदलावे लागते. तळाला वाळू किंवा भुसा घालू नये. पाल्याबरोबर पोटात जातो आणि आतडे तुंबते. फरशी किंवा जुने वर्तमानपत्र उत्तम. पावसाळ्यात कोकणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा मात्र वर सांगितलेल्या नळीदिव्याला पर्याय नाही. त्या चार महिन्यांसाठी तो घेऊनच ठेवावा.

अधूनमधून तो शिंकतो आणि नाकाशी पांढरी पूड दिसते. सर्दी समजून कोणी घरगुती काढा पाजायला जाऊ नये. अंगातले जादा क्षार नाकावाटे टाकायची त्याची रीत आहे ती.

खाण्याच्या बाबतीत खेड्याला दुकानाचे तोंड पाहावे लागत नाही. तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, जनावरांसाठी लावलेला लसूणघास, वरून थोडा लाल भोपळ्याचा कीस, कोवळ्या फरसबीच्या शेंगा. हे रोजचे ताट. पपई-आंब्याची फोड सणासुदीला. पालक, राजगिरा, चाकवत या आपल्या आवडत्या भाज्या त्याला रोज घालू नयेत. त्यांतले आम्ल चुन्याला धरून ठेवते आणि तो अंगी लागू देत नाही. आजींचे अंडे मी परत केले ते यासाठी की अंडी, मांस, कुत्र्याचे खाद्य असले काही तो आवडीने खातो, वाढतोही झपाट्याने, आणि पुढे मूत्रपिंड निकामी होऊन मरतो. शेताच्या बांधावरचा पाला आणताना तिथे औषध मारलेले नाही याची खात्री करावी. कॅल्शियमची पूड पशुवैद्याच्या सल्ल्याने पाल्यावर भुरभुरावी. एका शिक्षकाने मला विचारले होते, 'सर, फळ्यावरचा खडू किसून घातला तर?' नको. आजकालचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तो चुना नव्हे.

मादी असेल तर आणखी एक सोय लागते. नराशी गाठ पडलेली नसतानाही मोठी मादी अंडी धरते, कोंबडीसारखीच. एका वेळी वीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त. त्या काळात ती खाणे सोडते आणि कोपरे उकरीत फिरते. तेव्हा हातभर खोल, ओलसर वाळू-मातीने भरलेले झाकणाचे खोके तिला द्यावे. जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते, आणि त्यात जीव जातो. आमच्याकडे दर वर्षी फाल्गुनाच्या सुमारास घरातली जुनी धान्याची पेटी या कामी रिकामी होते, आणि घरातून मला त्याबद्दल दर वर्षी दोन शब्द ऐकावे लागतात.

आता कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय कराराखाली येणारे परदेशी प्राणी त्याच्या कक्षेत आले. इग्वाना त्यांत आहे. २०२४ साली त्यासाठी नियम निघाले. असा प्राणी ज्याच्या घरी आहे त्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संगणकीय व्यवस्थेतून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे त्याची नोंद करायची असते. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारले तर अर्ज कसा भरायचा ते समजते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर ते जनावर चोरट्या मार्गाने आलेले आहे असे समजून हात लावू नये.

आणि एवढे सगळे ऐकून कोणा उत्साही विद्यार्थ्याला वाटेल, परदेशी कशाला, आपला घोयराच धरून पिंजऱ्यात ठेवू. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, हातभर जीभ फेकून माशी टिपणारा आपला घोयरा सरडा इग्वानापेक्षा कितीतरी नवलाचा आहे, यात शंका नाही. पण तो कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे गुन्हा आहे. घोरपडीचेही तेच. शिवाय घोयरा पिंजऱ्यात फार काळ टिकतही नाही. कोंडला की खाणे टाकतो. त्याच्या बिऱ्हाडाची सोय आपण निराळ्या रीतीने करू शकतो. शाळेच्या आवाराभोवती तारेच्या ऐवजी मेंदी, अडुळसा, करवंद यांचे दाट कुंपण राखावे, ते पावसाळ्यापूर्वी पार बुंध्यापर्यंत छाटू नये, आणि मुलांना सांगावे की तो विषारी नाही, फुंकर घालीत नाही, रक्तही पीत नाही. गळा लाल झाला की सरडा लांबून रक्त शोषतो, या समजुतीपायी दर उन्हाळ्यात किती दगड पडतात हे शिक्षकांनी पाहिलेले आहे.

पाळलेला इग्वाना झेपेनासा झाला तर तो नदीकाठी नेऊन सोडू नये. फ्लॉरिडात, प्वेर्तो रिकोत, तैवानमध्ये आणि फिजी बेटांवर सुटलेल्या इग्वानांनी शेतमळ्यांची आणि तिथल्या मूळच्या जीवांची नासाडी चालवली आहे. आपली तेरेखोल-सावित्रीच्या काठची हवा त्याला मेक्सिकोइतकीच मानवण्यासारखी आहे, धोका तोच आहे. वनखात्याला कळवावे, किंवा नोंदणी करून घेणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे रीतसर द्यावा आणि मालक बदलल्याची नोंदही करावी.

शाळेत मुलांना दाखवायला न्यायचा असेल तर सकाळी, ऊन खाऊन झाल्यावर न्यावा. छातीखाली आणि मांड्यांखाली दोन्ही हातांचा आधार देऊन धरावा. शेपटीने कधीही धरू नये, ती तुटून हातात येते. पुन्हा उगवते खरी, पण आखूड आणि काळपट. एका वेळी चार-पाच मुलांनीच जवळ यावे, आवाज करू नये. या प्राण्यांच्या अंगावर हगवणीचे जंतू असू शकतात, तेव्हा ज्याने ज्याने हात लावला त्याने डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. अगदी लहान मुलांना हात लावू देऊ नये. पिंजऱ्यातले घमेले स्वयंपाकघराच्या मोरीत विसळू नये. त्यासाठी बाहेरच्या नळाजवळ वेगळी जागा ठेवावी.